बोनेटवरचं कोळिष्टक

सकाळी साडेसहाला ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या कुठल्याही गल्लीत शिरा. दारातल्या गाडीवर रात्रभरात धूळ बसलेली असते आणि घरातलं कुणीतरी, बहुतेक वेळा वयानं सर्वांत मोठं माणूस, जुन्या बनियनचं फडकं घेऊन बोनेट गोल गोल पुसत असतं. कोरडंच. मी अठरा वर्षं ग्वाल्हेरात गाड्यांच्या रंगावरचे ओरखडे काढतोय. माझ्याकडे येणारे निम्म्याहून जास्त ओरखडे याच फडक्याचे असतात. किल्लीनं कुणी खोडी काढली, स्कूटर घासून गेली, असे ओरखडे त्या मानानं थोडेच.

मागच्या फेब्रुवारीत आईच्या माहेरच्या ओळखीतले एक काका आले. निवृत्त गणिताचे शिक्षक. गाडी काळी, आधीच्या वर्षी मेळ्यातून घेतलेली. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव यांनी 1905 साली सुरू केलेला आमचा मेळा आता गाड्यांसाठीही ओळखला जातो. बऱ्याच वर्षी तिथे गाडी घेतली की रोड टॅक्स निम्मा लागतो, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत शहरात नव्या गाड्यांची रीघ लागते. काकांनी आयुष्यातली पहिली नवी गाडी अशी घेतली होती. मी ती आत घेतली आणि बोनेटवर टॉर्च धरला. उजेडाच्या ठिपक्याभोवती बारीक, गोल, चमकती कोळिष्टकं उमटली. काका बराच वेळ वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "अरे, पण मी रोज पुसतो. एक दिवस चुकवलेला नाही."

त्यांना काय सांगायचं, हे मला त्या क्षणी खरंच सुचेना.

ही वलयं म्हणजे स्वर्ल मार्क. नाव नवीन असलं तरी ती आपण सगळ्यांनी स्वयंपाकघरात पाहिली आहेत. घासून घासून वापरातलं झालेलं स्टीलचं ताट बल्बखाली धरा. बल्बच्या प्रतिबिंबाभोवती गोल रेषा दिसतात आणि ताट हलवलं की त्या रेषाही त्या प्रतिबिंबाबरोबर सरकतात. ताटावर गोल रेषा कुणी ओढलेल्या नसतात. चरे सगळ्या दिशांनी असतात, पण जे उजेडाला आडवे पडतात तेवढेच चमकतात, आणि ते मिळून डोळ्याला वर्तुळ दिसतं. गाडीचंही तसंच. म्हणून ढगाळ दिवशी गाडी नवी दिसते आणि पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली जुनी. पांढऱ्या गाडीवर हे लपतं, काळ्या आणि गडद निळ्या गाडीवर लपत नाही.

चरे पडतात ते फडक्यापेक्षा धुळीनं. आमच्या किल्ल्याची टेकडी वालुकाश्माची, आसपासच्या खाणींतून निघतो तोही वालुकाश्मच. त्याची पूड म्हणजे मुख्यतः क्वार्ट्‌झ, कठीणपणाच्या मोजपट्टीवर 7. काच, सुरीचं पातं यांनाही ते चरे पाडतं; मग गाडीवरच्या प्लास्टिकसारख्या पारदर्शक थराची काय कथा. जागतिक आरोग्य संघटनेनं 2016 मध्ये शहरांच्या हवेची आकडेवारी दिली, तेव्हा अतिसूक्ष्म कणांच्या यादीत ग्वाल्हेर जगात दुसरं होतं: घनमीटरला 176 मायक्रोग्रॅम. ते कण फुप्फुसात जाणारे, त्यांची काळजी वेगळी आणि कितीतरी मोठी. बोनेटवर चरे पाडणारे कण त्याहून जाड असतात. बोटांत चोळले तर करकरतात. त्यांच्यावर कोरडं फडकं फिरवणं म्हणजे गाडीला हलक्या हातानं पॉलिश पेपर मारणं.

काकांना मी हिशोब मांडून दाखवला. गणिताच्या माणसाला तोच पटतो. पत्र्यावर आधी प्रायमर, मग रंग, आणि सगळ्यांत वर क्लिअर कोट. सगळं मिळून साधारण 100 ते 130 मायक्रॉन. त्यातला क्लिअर कोट 35 ते 50. डोक्यावरचा केस 70च्या आसपास असतो, म्हणजे गाडीची सगळी झळाळी अर्ध्या केसाएवढ्या जाडीत आहे. ऊन झेलणारी औषधंही त्याच थरात मिसळलेली असतात. कोळिष्टक असतं या थराच्या माथ्यावर.

आता मुख्य गोष्ट. ओरखडा भरून निघत नाही. तो खड्डा असतो, आणि पॉलिश करणं म्हणजे आजूबाजूची जमीन खड्ड्याच्या तळापर्यंत खाली आणणं. दर वेळी क्लिअर कोटमधले दोन-चार मायक्रॉन कायमचे जातात. सणासुदीला गाडीला "रबिंग मारून" आणणारी माणसं मला भेटतात तेव्हा पोटात कालवतं. गाडीला जन्मभरात जेवढी रबिंग सोसते, तेवढी ही माणसं चार वर्षांत उरकतात.

खड्डा भरल्याचा आभास मात्र करता येतो. तेल आणि मेण असलेलं ग्लेझ चोळलं की चरे बुजतात, गाडी लखलखते, आणि तीन-चार धुण्यांत सगळं परत दिसायला लागतं. काकांनी माझ्याकडे येण्याआधी एका ठिकाणी पैसे देऊन हेच करून घेतलं होतं. ग्लेझ वाईट नाही, पण ते लावताना गिऱ्हाइकाला तसं सांगायला हवं.

मी आधी नख फिरवतो. नख अडकलं तर ओरखडा खोल आहे, पॉलिशनं जाणार नाही. तिथे रंगाचा ब्रश लागतो किंवा पूर्ण पॅनेल रंगवावं लागतं. नख न अडकता सरकलं तर पाण्याचा थेंब टाकतो. ओलं असताना रेघ नाहीशी झाली तर ती वरच्या थरातच आहे. मग जाडी मोजायचं यंत्र. काकांच्या बोनेटवर 108, 112, 110 आले आणि डाव्या दारावर एकदम 240. म्हणजे दार कधीतरी परत रंगवलं गेलं होतं. त्यांना ते ठाऊक नव्हतं. हे यंत्र पत्र्यापासूनची एकूण जाडी सांगतं, क्लिअर कोट किती उरलाय ते सांगत नाही. तिथे अंदाज आणि धीर दोन्ही लागतात.

पॉलिश करायची मशीन दोन प्रकारची. रोटरी एकाच आसावर फिरते, झपाट्यानं कापते आणि तापते. ड्युअल-अॅक्शन फिरता फिरता डोलतेही, त्यामुळे सावकाश कापते पण सहसा भाजत नाही. पहिल्या वर्षी रोटरीनं मी एका बोनेटची कड जाळली. कडेवर थर मुळातच पातळ असतो. दीड सेकंद हात थांबला आणि खालचा राखाडी प्रायमर दिसला. बोनेट माझ्या पैशांनी रंगवून दिलं. तेव्हापासून कडांना आधी चिकटपट्टी लावतो, मगच मशीन हातात घेतो.

काकांची गाडी आधी धुतली, मग ओल्या पृष्ठभागावर मळलेल्या कणकेसारखी क्ले फिरवली. तळव्याला खडबडीत लागणारे चिकटलेले कण त्यात निघून आले. दोन फूट लांब, दोन फूट रुंद एवढाच तुकडा निवडला. पिवळ्या फोमच्या पॅडवर वाटाण्याएवढे चार ठिपके पॉलिश. नेहमी सर्वांत सौम्य पॉलिशनं सुरुवात करावी. त्यानं जमलं तर कडक कंपाउंडला हात लावायचं कारण नाही. आधी हळू गतीत पसरवलं, मग वेग वाढवून आडवे-उभे पाच फेरे, हात इतका संथ की पॅडमागे सायीसारखा ओला पट्टा राहावा. पुसलं, टॉर्च धरला. त्या तुकड्यात कोळिष्टक नव्हतं, शेजारी होतं, मधली सीमा पट्टीनं आखल्यासारखी. काकांनी सीमेवर बोट ठेवलं. पुन्हा मोजलं: 109च्या जागी 107.

मे महिन्यात हे काम मी पहाटे पाचला सुरू करून नऊला थांबवतो. पत्रा तापला की पॉलिश पॅडवरच सुकून चुरा होतं आणि नवे चरे पाडतं.

सिरॅमिक कोटिंगबद्दल लोक फार विचारतात. "9एच आहे, आता ओरखडा पडणार नाही ना?" तो 9एच पेन्सिलींच्या मोजपट्टीवरचा आकडा आहे, दगडांच्या नव्हे. थर एक-दोन मायक्रॉनचा. धूळ लवकर सुटते, पाणी ओघळून जातं, हे फायदे खरे. पण वाळूपुढे तोही चिरतोच.

पूर्वी रंगावरचा पारदर्शक थरच वेगळा असे. 1908 साली मुंबई-कोल्हापूर मोटारींच्या चाचणी-स्पर्धेत घाट चढून आलेली "पर्ल ऑफ द ईस्ट" नावाची रोल्स-रॉइस माधवराव महाराजांनी ग्वाल्हेरला घेतली. त्या काळी गाड्यांना बग्ग्यांसारखंच ब्रशनं रंग आणि तेलाचं वार्निश देत, थरावर थर, मधे प्यूमिसच्या पुडीनं पाणी घालून घासत. महिना महिना लागे. तेव्हाही झळाळीच्या मागे घासणंच असायचं. ही गोष्ट मला फार जवळची वाटते, कारण माझे आजोबा शहरातल्या बाडा चौकाजवळ फर्निचरला चपड्याचं पॉलिश करायचे. कपाटाला हात लावण्याआधी ते फडकं तीनदा झटकायचे आणि स्वतःच्या गालावर फिरवून बघायचे.

काकांना मी दोन बादल्या दिल्या, एक साबणाची, एक नुसत्या पाण्याची. आधी वरून पाणी सोडून धूळ वाहू द्यायची, मग मऊ मायक्रोफायबर सरळ रेषेत, गोल नाही. प्रत्येक फेरीनंतर फडकं आधी साध्या पाण्यात. बोअरचं पाणी वापरलं तर सुकू न देता लगेच टिपायचं, नाहीतर क्षाराचे पांढरे डाग बसतात आणि उन्हात ते थरात उतरतात.

आठवड्यानं सकाळी पावणेसातला त्यांचा फोन. शहराला तिघरा धरणातून येणारं पाणी एक दिवसाआड सुटत होतं आणि तो कोरडा दिवस होता.

"गाडीवर बोटभर धूळ आहे रे. पाणी उद्या येणार. नुसती हलक्या हातानं पुसू का?"

"नाही काका. आज तशीच राहू द्या."

"लोक काय म्हणतील?"

"मळकी आहे म्हणतील. उद्या धुऊ."

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग त्यांनी फडकं दोरीवर टाकल्याचं सांगितलं.