हृदय सावरले, आता लक्ष मेंदूकडे

भंडारा जिल्ह्यातील रुग्णाची बायपास किंवा झडपेची शस्त्रक्रिया बहुधा नागपुरास होते. काही दिवसांनी त्याला घेऊन गाडी परत निघते, मौद्याजवळ कन्हान ओलांडते, गाव लाखनी-साकोलीकडचे असेल तर कारध्याला वैनगंगाही. आणि संकट मागे राहिले, असे घरच्यांना वाटू लागते. हृदयापुरते ते बरेचसे खरे असते. मेंदूच्या दृष्टीने मात्र पुढचे काही आठवडेही जपण्याचे असतात, आणि ते घरच्यांच्याच नजरेखाली जायचे असतात.

बायपासनंतर पक्षाघाताचे प्रमाण साधारणतः शंभरात एक ते दोन. झडपेचीही शस्त्रक्रिया झाली असेल, वय अधिक असेल, पूर्वी झटका येऊन गेला असेल किंवा मानेतील रक्तवाहिन्या अरुंद असतील, तर ते वाढते. वृद्धांच्या महाधमनीत आतून चुन्यासारखे कठीण थर साचलेले असतात. शस्त्रक्रियेत तिला चिमटा लावताना एखादा कण सुटला, तर तो रक्ताबरोबर मेंदूत जाऊन अडकतो. असा झटका रुग्ण शुद्धीवर येतानाच ध्यानात येतो. परंतु कित्येक झटके रुग्ण नीट बोलू-चालू लागल्यानंतर येतात. त्यांमागे अनेकदा हृदयाची बिघडलेली लय असते. बायपासनंतर साधारण चौघांपैकी एकाच्या हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. तेथे रक्त साकळते आणि गुठळी मेंदूकडे जाऊ शकते. बहुधा हे दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, रुग्णालयातच घडते. घरी आल्यावर एकाएकी धडधड सुरू झाली किंवा नाडी वेडीवाकडी लागू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

तोंड एका बाजूस वाकडे होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोबडे बोलणे, एकाएकी दिसेनासे होणे किंवा तोल जाणे, यांपैकी एक लक्षणही पुरेसे आहे. 'अंगावरून वारे गेले' म्हणून तेल चोळत सकाळची वाट पाहण्यात आपल्याकडे मोलाचे तास जातात. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते; त्यातही नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला रक्तस्रावाच्या भीतीने ते बहुधा देता येत नाही. अशा वेळी मोठ्या रक्तवाहिनीतील गुठळी जांघेतून नळी घालून ओढून काढण्याचा मार्ग उरतो. त्यासाठीही शक्यतो पहिले सहा तास हाती हवेत. निवडक रुग्णांतच ही मर्यादा चोवीस तासांपर्यंत जाते. साकोली ते नागपूर अंतर सुमारे १०० किलोमीटर. म्हणून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईतो जेथे शस्त्रक्रिया झाली तेथे फोन करून ही सोय कोठे मिळेल ते विचारून घ्यावे. रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ लिहून ठेवावी. तोंडातून पाणी, ॲस्पिरिन किंवा सॉर्बिट्रेट देऊ नये.

अर्थात प्रत्येक बदल म्हणजे पक्षाघात नव्हे. शस्त्रक्रियेनंतर वृद्ध माणूस रात्री भलतेच बोलतो, घरच्यांना ओळखत नाही, नळ्या ओढतो. हा भ्रम बहुतेकांत काही दिवसांत ओसरतो. त्याला बाहेरची बाधा समजणे हा त्या रुग्णावर अन्यायच. चष्मा व कानाचे यंत्र हाताशी द्यावे, दिवसा उजेड आणि रात्री निवांतपणा द्यावा, ओळखीचा आवाज जवळ असू द्यावा. मात्र घरी आलेला रुग्ण नव्याने गोंधळला, तर विलंब न करता डॉक्टरांना दाखवावे. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला येणाऱ्या मुंग्याही पुष्कळदा छातीचे हाड फाकविताना नसेवर पडलेल्या ताणामुळे असतात व काही आठवड्यांत-महिन्यांत कमी होतात. पुढच्या भेटीत त्या सांगाव्यात. पण त्यासोबत हाताची शक्ती एकाएकी गेली, तर तो पक्षाघातच समजून निघावे.

धातूची कृत्रिम झडप बसविलेल्यांना वॉर्फरिन किंवा ॲसिनोकुमारॉल जन्मभर घ्यावे लागते. रक्त किती पातळ आहे हे आयएनआर तपासणीने कळते. आकडा खाली गेला तर गुठळीचे भय, फार वर गेला तर मेंदूत रक्तस्रावाचे. हिरव्या पालेभाज्यांतील 'के' जीवनसत्त्व या औषधाचा प्रभाव कमी करते. धान निघाल्यावर बांधीत लाखोळी उगवते आणि तिचा कोवळा पाला घरोघरी शिजतो. तो वर्ज्य करण्याचे कारण नाही; पण वर्षभर पालेभाजी क्वचित आणि हिवाळ्यात रोज, असे झाले की आकडा हलतो. तेव्हा पानातील भाजीचे प्रमाण बारमाही सारखे ठेवावे, आणि तपासणीची तारीख औषधाच्या डबीवरच चिकटवावी.