सुट्या भागांची गाडी

खोक्यावर धूळ उडवत वळणारी गाडी रंगवलेली असते आणि आत गाडी नसते. प्लास्टिकच्या चौकटींना लगडलेले भाग असतात, ए, बी, सी अशी अक्षरं छापलेल्या स्क्रूंच्या पिशव्या असतात. ग्रीसची करंगळीएवढी ट्यूब, एक चौफुली पाना, चार टायर, एक मोटर आणि पारदर्शक प्लास्टिकची बिनरंगाची बॉडी असते. रिमोट, बॅटरी, चार्जर आणि रंग ज्याचे त्याने बहुधा वेगळे आणायचे. पैसेही घ्यायचे आणि जोडायचं कामही गिऱ्हाइकालाच लावायचं, असा हा व्यवहार. जपानमधल्या शिझुओका शहरातली टामिया ही कंपनी १९७६पासून तो करते आहे आणि गिऱ्हाइकाची त्याबद्दल तक्रार नाही. गाडी जोडून तयार मिळाली तर उलट त्यातले कित्येक जण हिरमुसतील.

शिझुओका हे लाकूडकामाचं गाव. टामियाची सुरुवातही १९४६ साली लाकडाच्या वखारीपासून झाली. योशिओ टामिया हे संस्थापक. १९४८पासून वखारीच्या जोडीला लाकडी जहाजं आणि विमानांची मॉडेलं सुरू झाली आणि पुढे वखार मागे पडून मॉडेलंच राहिली. अमेरिकेतून प्लास्टिकची मॉडेलं येऊ लागल्यावर लाकडाचे दिवस संपल्याचं दिसत होतं. कंपनीने १९६० साली ‘यामातो’ या युद्धनौकेचं पहिलं प्लास्टिक मॉडेल काढलं, तर दुसऱ्या कंपनीने तीच नौका स्वस्तात आणली आणि टामियाला फटका बसला. सावरलं ते नंतर आलेल्या जर्मन पँथर रणगाड्याने. त्यात छोटी मोटर होती आणि तो खरोखर चालत असे. तो १/३५ मापाचा होता, कारण मोटर आणि बॅटऱ्या पोटात मावल्यावर रणगाडा तेवढा भरला. ते माप पुढे जगभरच्या लष्करी मॉडेलांचं ठरलेलं माप होऊन बसलं.

पोटात बॅटऱ्या मावण्यावर सगळं ठरण्याचा हा प्रकार पुन्हा एकदा घडला. संस्थापकांचे चिरंजीव शुन्साकु टामिया यांनी सत्तरच्या दशकात पोर्शे ९३४ या शर्यतीच्या गाडीचं १/१२ मापाचं मॉडेल करायला घेतलं. अभ्यासासाठी कंपनीने चक्क एक पोर्शे ९११ विकत घेतली आणि ती खोलली. एवढ्या बारकाव्याचे साचे करायला खर्च अफाट आला आणि नुसतं शोभेचं मॉडेल विकून तो वसूल होण्यासारखा नव्हता. पण १/१२ मापाच्या गाडीत बॅटऱ्यांना जागा होती. मग त्याच पोर्शेला रेडिओ जोडायचं ठरलं. १९७६च्या अखेरीस ती बाजारात आली आणि वर्षभरात लाखाहून अधिक खपली. रेडिओवर चालणाऱ्या गाड्या त्याआधीही होत्या. इटलीत साठच्या दशकातच अशी छोटी फेरारी निघाली होती. पण ती बहुधा धनिकांची हौस होती. टामियाने ती घरातल्या टेबलावर आणली. १९७९मध्ये रफ रायडर आणि सँड स्कॉर्चर या मातीत पळणाऱ्या बग्ग्या आल्या, १९८४मध्ये ग्रासहॉपर आणि हॉर्नेट. शेवटच्या दोन गाड्यांनी एका पिढीला स्क्रू ड्रायव्हर धरायला शिकवलं असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. १९८५च्या वाइल्ड वन या बग्गीवरून तर अलीकडे इंग्लंडमधल्या एका कंपनीने माणूस बसून चालवू शकेल अशी पूर्ण आकाराची विजेची गाडी बनवायला घेतली. एरवी खऱ्या गाडीचं मॉडेल होतं. इथे मॉडेलची खरी गाडी झाली.

बाजारात मिळणारी रिमोटची गाडी आणि ही गाडी यांत नेमका फरक काय, असं कुणीही विचारतं. वेग हे त्याचं उत्तर नाही. साध्या ५४० मोटरवर ही गाडी ताशी २५-३० किलोमीटर पळते आणि तेवढी काही खेळणीही पळतात. फरक पोटात आहे. खेळण्यात रिसीव्हर, वेग आणि वळण सगळं एकाच सर्किटवर असतं. त्यातलं एक जळलं की गाडी माळ्यावर जाते. छंदाच्या गाडीत ही तिन्ही कामं तीन वेगळ्या डब्यांत असतात. रिसीव्हर सेकंदाला साधारण ५० वेळा एक स्पंद पाठवतो. तो दीड मिलिसेकंदाचा असेल तर चाकं सरळ, एक मिलिसेकंदाचा असेल तर एका टोकाला, दोनचा असेल तर दुसऱ्या. सर्व्हो नावाची डबी त्या लांबीनुसार चाकं वळवते, म्हणून बोटाच्या अंशाअंशाने वळण घेता येतं. ही भाषा सगळ्या कंपन्यांनी स्वीकारलेली असल्याने एकीच्या गाडीत दुसरीचा सर्व्हो आणि तिसरीचा रिसीव्हर सुखाने नांदतो. वेग सांभाळणारा तिसरा डबा आता पूर्ण इलेक्ट्रॉनिक आहे. जुन्या ग्रासहॉपरमध्ये सर्व्होच्या दांड्याने फिरणारा एक यांत्रिक स्विच होता आणि कमी वेगात उरलेली वीज एका रोधात उष्णता होऊन जात असे. त्या रोधाला चुकून बोट लागलेला माणूस ती गाडी विसरत नाही.

आता जोडणी. नवशिक्याला हल्ली बहुतेक वेळा टीटी-०२ ही २०१३ साली आलेली चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, सुचवली जाते, आणि ते बरोबरच आहे. चारही चाकांना जोर, मधून जाणारा एक दांडा, पुढे-मागे डिफरन्शियल आणि सगळं खोलगट परातीसारख्या एका प्लास्टिकच्या चॅसीत. पुस्तिकेत शब्द कमी आणि चित्रं जास्त. प्रत्येक पायरीला लागणारे स्क्रू कागदावर खऱ्या आकारात छापलेले असतात. हातातला स्क्रू चित्रावर आडवा ठेवायचा, जुळला की तोच. दहा मिलिमीटरच्या जागी बारा मिलिमीटरचा गेला तर तो आत कुठेतरी दात्यांना जाऊन भिडतो आणि ते थेट गाडी चालवताना कळतं. इतकी साधी आणि इतकी उपयोगी युक्ती मला दुसऱ्या कुठल्या जोडणीच्या पुस्तिकेत दिसलेली नाही.

स्क्रू प्लास्टिकमध्ये जाताना स्वतःच आटे पाडतो. पहिल्यांदा हात दुखेपर्यंत जोर लागतो. खरी कसोटी दुसऱ्या वेळी असते. खोललेला स्क्रू परत बसवताना आधी उलटा फिरवायचा. जुन्या आट्यांत तो ‘टक’ करून उतरला की मग सुलटा आवळायचा. हे न करता थेट आवळला तर नवे आटे जुन्यांना कापत जातात आणि चार-पाच वेळांत भोक भसाडं होतं. स्क्रू ड्रायव्हरही जपानी मापाचा लागतो. नेहमीचा चौफुली स्क्रू ड्रायव्हर त्या खाचेत नीट बसत नाही, घसरतो आणि डोकं झिजवून ठेवतो. तसंच स्क्रू पक्का करणारा लॉकचा द्रव फक्त धातू धातूला भिडतो तिथेच वापरायचा. प्लास्टिकला तो लागला तर काही दिवसांनी भाग आपोआप तडकतो आणि माणूस कंपनीच्या नावाने बोटं मोडतो.

टीटी-०२च्या मोटरच्या दांड्यावर २२ दात्यांचं छोटं चाक, त्याला भिडणारं ७० दात्यांचं मोठं. पुढच्या दात्यांसकट हिशेब केला तर मोटर ८.२७ वेळा फिरते तेव्हा गाडीचं चाक एकदा फिरतं. वेग हवा म्हणून छोट्या चाकाचे दाते वाढवले की गाडी पळते खरी, पण मोटर तापते. पाच मिनिटं चालवून मोटरवर बोट ठेवायचं. बोट टिकत नसेल तर हाव जास्त झाली. ज्या गाड्यांत मोटर सरकवून बसवता येते तिथे दोन चाकांच्या मध्ये वहीच्या कागदाची पट्टी धरून मोटर आवळतात आणि मग पट्टी फिरवून काढतात. उरते तेवढीच फट योग्य. फार घट्ट असेल तर दाते ओरडतात, फार सैल असेल तर सोलले जातात.

तेलाचे शॉक ॲब्झॉर्बर हा या कामातला सगळ्यांत सुखाचा भाग. नळीत सिलिकॉन तेल भरायचं, दट्ट्या हळूहळू खालीवर करायचा आणि बुडबुडे वर येईपर्यंत थांबायचं. इथे घाई केली तर आत हवा राहते आणि शॉक पिचकारीसारखा फसफसतो. चारही सारखे भरले आहेत की नाही हे चार बोटांनी दाबून कळतं. गंमत म्हणजे टीटी-०२च्या साध्या खोक्यात तेलाचे शॉक येतच नाहीत. घर्षणावर चालणारे स्प्रिंगचे दांडे येतात. टामियाचा हा कंजूसपणा प्रसिद्ध आहे. वर्षानुवर्षं त्यांच्या कितीतरी गाड्यांत बेअरिंगच्या जागी प्लास्टिकचे बुश दिले गेले, आणि बेअरिंग, तेलाचे शॉक, ॲल्युमिनियमचे दांडे यांची वेगळी किंमत लावली गेली. धंदा म्हणून ते हुशारीचं असेल. पण धुळीत बुश महिन्याभरात झिजतात, दांडाही झिजवतात आणि चाक लुळं पडतं. बेअरिंगचा संच पहिल्याच दिवशी घालावा हे माझं मत पक्कं आहे.

बॉडी रंगवायची ती आतून. पॉलिकार्बोनेटला आतून रंग दिला की बाहेरची चकचकीत बाजू रंगाचं रक्षण करते आणि गाडी कितीही घासली तरी ओरखडा रंगापर्यंत जात नाही. पण मग क्रम उलटा होतो. जे सगळ्यांत वर दिसायचं ते सगळ्यांत आधी मारायचं, गडद रंग आधी, फिका त्याच्या पाठीवर. बाहेरून एक पातळ संरक्षक कागद असतो, तो शेवटी सोलला की रंग एकदम उजळून निघतो.

गाडी धावली की मोडतेच. कठड्याला धडकली तर चाक धरणारी पुढची आर्म तुटते, आणि ती तुटावी हे बरंच आहे, कारण ती स्वस्त असते आणि तिने मार खाल्ला नाही तर चॅसीला तडा जातो. सर्व्होच्या डोक्यावर एक स्प्रिंगवाला तुकडा बसवतात. चाकाला बसलेला दणका तो पोटात घेतो, म्हणून सर्व्होचे दाते वाचतात. प्रत्येक भागाला क्रमांक आहे आणि तो क्रमांक देऊन भाग मागवता येतो. हॉर्नेट २००४मध्ये आणि ग्रासहॉपर २००५मध्ये टामियाने पुन्हा बाजारात आणली. त्यामुळे १९८४ साली घेतलेल्या गाडीचेही कितीतरी भाग आज नवे मिळतात. खऱ्या मोटारींच्या बाबतीत वीस वर्षांपूर्वीच्या मॉडेलचं साधं दाराचं हँडल शोधताना काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. शुन्साकु टामिया २०२५च्या जुलैत वयाच्या ९०व्या वर्षी गेले, तेव्हा जगभरच्या पन्नाशीतल्या पोरांनी कपाटावरच्या गाड्या खाली काढल्या असतील.

देखभालीत कौशल्यापेक्षा सवय जास्त लागते. प्रत्येक फेरीनंतर जुन्या टूथब्रशने माती काढायची, चाक एकेक करून फिरवून ऐकायचं. बेअरिंग करकरलं की समजायचं, त्यात वाळू गेली आहे. चाकांचे नट आणि मोटरचे स्क्रू चाचपायचे. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांतली धूळ पिठासारखी बारीक असते आणि ती डिफरन्शियलच्या सांध्यातूनही आत शिरते. कोकणातली तांबडी माती ओली असताना चिकटते आणि वाळली की सोलवटून काढावी लागते. पावसात गाडी भिजली तर बेअरिंग त्याच दिवशी काढून पुसून तेलात घालावीत. रात्रभर ठेवली तर गंज धरतो.

बॅटरीच्या बाबतीत मात्र हलगर्जी नको. पूर्वीच्या ७.२ व्होल्टच्या सहा सेलच्या बॅटऱ्या बऱ्याच सोशीक होत्या. आताची लिथियम पॉलिमर तशी नाही. एका सेलला ४.२ व्होल्टच्या वर चढू द्यायचं नाही, तीनच्या खाली उतरू द्यायचं नाही आणि आठवडाभर गाडी बाहेर काढायची नसेल तर ३.८ व्होल्टवर आणून ठेवायचं. चार्जिंग सुरू असताना घराबाहेर पडायचं नाही. फुगलेली बॅटरी कितीही चांगली चालत असली तरी ती बाद. आणि उन्हाळ्यात बंद मोटारीच्या डिकीत ती ठेवणं हा शुद्ध अविचार आहे.

आपल्याकडे हा छंद महाग आहे आणि त्याचं एक कारण जकातीत आहे. छोट्या आकाराची चालती मॉडेलं जकातीच्या यादीत खेळण्यांच्याच मथळ्याखाली येतात. खेळण्यांवरची आयात जकात २०२०मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३मध्ये ७० टक्क्यांवर गेली. देशी खेळण्यांना बळ देण्याचा हेतू चांगलाच आहे. पण २२ दात्यांचं पोलादी चाक आणि प्लास्टिकची बाहुली एकाच तराजूत टाकल्याने इथे अशी चाकं तयार होऊ लागली, असं काही दिसलं नाही. वायर, कनेक्टर, सोल्डर, उष्णतेने आवळणाऱ्या नळ्या हे सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत मिळतं. तुटलेली आर्म थ्रीडी प्रिंटरवर काढून घेणारेही आता आहेत. तिला मूळ भागाची लवचीकता नसते, पण रविवार निभावतो.

पहिली गाडी घेणार असाल तर जास्त जोराच्या ब्रशलेस मोटरच्या मोहात पडू नका. खोक्यातल्या ५४०वर सहा महिने काढा. पैसे जायचेच असतील तर ते चांगल्या स्क्रू ड्रायव्हरवर, बेअरिंगच्या संचावर आणि भरवशाच्या चार्जरवर जाऊ द्या. मुलासाठी घेत असाल तर जोडायचं काम त्याच्याकडून काढून घेऊ नका. फार तर पहिला स्क्रू घट्ट जाताना हात द्या. आणि गाडीबरोबरच पुढच्या आर्मचा एक जोड मागवून ठेवा, कारण ती पहिल्या महिन्यात तुटणार आहे.