शास्त्रीय निबंधांतील आधार कसे द्यावेत?

शास्त्रीय निबंधाचें शेवटचें पान सामान्य वाचकास अत्यंत रूक्ष वाटतें. नांवें, आंकडे आणि विरामचिन्हें यांची ती एक लांबलचक रांगच असते. परंतु निबंधांतील विधानांचा बराचसा भार याच पानावर असतो. लेखकानें स्वतः काय पाहिलें आणि दुसऱ्याचें काय घेतलें, यांतील सीमारेषा तेथें आखलेली असते. कालिदासाच्या काव्यांवर टीका लिहितांना, ज्याला मुळांत आधार नाहीं असें कांहींहि लिहिणार नाहीं, अशी प्रतिज्ञा मल्लिनाथानें केली होती. आधुनिक विज्ञानानें जणू तीच प्रतिज्ञा प्रत्येक लेखकावर बंधनकारक केली; आणि ती पाळली गेली कीं नाहीं हें कोणासहि तपासतां यावें, म्हणून तिला एक ठराविक बाह्य रूप दिलें.

संदर्भ म्हणजे एक पत्ता होय. पत्रावर गांवाचें नांव असून पेठेचें नसलें, तर टपालवाल्याची जी स्थिति होते, तीच अपुऱ्या संदर्भामुळें वाचकाची होते. म्हणून संदर्भानें पांच प्रश्नांचीं उत्तरें दिलीं पाहिजेत : कोणी लिहिलें, कोणत्या मथळ्याखालीं लिहिलें, कोठें छापलें, केव्हां छापलें आणि कोणत्या पृष्ठावर. उदाहरणार्थ, वैद्यकीय नियतकालिकांत पुढील नोंद आढळते : ‘पोर्टर जे, जिक एच. ॲडिक्शन रेअर इन पेशंट्स ट्रीटेड विथ नार्कोटिक्स. न्यू इंग्ल जे मेड. १९८०;३०२:१२३.’ यांत आडनांव आधीं व आद्याक्षर मागून येतें. त्यानंतर मथळा, मग नियतकालिकाचें संक्षिप्त नांव, मग वर्ष. अर्धविरामापुढील ३०२ हा खंड आणि अपूर्णविरामापुढील १२३ हें पृष्ठ. प्रत्येक चिन्हाला असें ठरलेलें काम आहे. म्हणूनच स्वल्पविरामासाठीं संपादक अडून बसतो, तो केवळ हट्ट नव्हे. गेल्या शतकाच्या अखेरीपासून याच्या जोडीला ‘डीओआय’ नांवाचा कायमचा क्रमांक आला आहे. तो नेहमीं १० या आंकड्यानें सुरू होतो, आणि लेखाचें संकेतस्थळ बदललें तरी लेख शोधून देतो.

मजकुरांत आधार दाखविण्याच्या दोन मुख्य पद्धति आहेत. पहिली लेखक-वर्ष पद्धति. हिचा उगम हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनीं बिनशंखाच्या गोगलगाईवर लिहिलेल्या १८८१ च्या निबंधांत शोधला जातो. वाक्याच्या शेवटीं कंसांत आडनांव व वर्ष द्यावयाचें, आणि अखेरची यादी आडनांवांच्या वर्णानुक्रमानें लावावयाची. दुसरी अंक-पद्धति. तिचें प्रसिद्ध रूप व्हँकूव्हर या कॅनडांतील शहराच्या नांवानें ओळखलें जातें. तेथें १९७८ सालीं वैद्यकीय नियतकालिकांचे कांहीं संपादक जमले, आणि हस्तलिखितांची मांडणी सर्वत्र एकसारखी असावी असें त्यांनीं ठरविलें. हींत आधारांना ते मजकुरांत ज्या क्रमानें येतात त्या क्रमानें आंकडे मिळतात, आणि तोच आधार पुन्हां आला तर त्याचा पहिलाच आंकडा वापरला जातो. पहिल्या पद्धतींत, कोणाचें मत व किती जुनें, हें वाचकास जागच्या जागीं कळतें. दुसरींत वाक्याचा ओघ तुटत नाहीं, पण मध्यें एक आधार घातला कीं पुढील सर्व आंकडे बदलावे लागतात. कोणती पद्धति स्वीकारावी हें लेखकानें नव्हे, तर ज्या नियतकालिकाकडे निबंध धाडावयाचा त्याच्या सूचनापत्रकानें ठरवावयाचें असतें.

नांवांच्या बाबतींत भारतीय लेखकांना अधिक सावध राहावें लागतें. मराठी नांवांत आडनांव शेवटीं येत असल्यानें तें उचलून पुढें ठेवणें सोपें आहे. दक्षिणेकडे मात्र पुष्कळांना आडनांव असें नसतेंच. सी. व्ही. रामन यांच्या नांवांतील ‘रामन’ हें मराठी अर्थानें आडनांव नव्हे. तरी जगांतील सूचींत ते रामन याच शब्दाखालीं सांपडतात. तेव्हां लेखकानें आपलें नांव जसें छापलें असेल तसेंच ठेवावें, आणि सर्वत्र एकच रूप वापरावें.

एवढा काटेकोरपणा कशासाठीं, याचें उत्तर वर दिलेल्या नोंदींतच आहे. बोस्टन येथील दोघा संशोधकांचें तें पत्र अवघें पांच वाक्यांचें होतें. रुग्णालयांत दाखल असतांना अफूवर्गीय औषध मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकीं, पूर्वीं व्यसन नसलेल्या केवळ ४ जणांत व्यसन लागल्याची नोंद सांपडली, इतकेंच त्यांत म्हटलें होतें. घरीं महिनोन्‌महिने औषध घेणाऱ्यांविषयीं त्यांत अवाक्षरहि नव्हतें. पुढें हेंच पत्र आधार म्हणून फिरूं लागलें. २०१७ सालीं त्याच नियतकालिकांत त्याचा हिशेब प्रसिद्ध झाला : ६०८ लेखांनीं या पत्राचा उल्लेख केला होता, त्यांपैकीं ४३९ लेखांनीं ‘व्यसन क्वचितच लागतें’ याचा पुरावा म्हणून तें पुढें केलें होतें, आणि रुग्ण रुग्णालयांतील होते ही गोष्ट ४९१ लेखांनीं सांगितलीच नव्हती. उत्तर अमेरिकेंत या औषधांमुळें ओढवलेल्या आपत्तीला अशा उल्लेखांचाहि हातभार लागला, असा निष्कर्ष हिशेब मांडणाऱ्यांनीं काढला. नोंदींतील वर्ष, खंड, पृष्ठ हीं सर्व अचूक असूं शकतात, आणि तरीहि आधार खोटा पडूं शकतो तो असा.

याच्या उलट प्रकारहि घडला आहे. एका मोठ्या प्रकाशनसंस्थेनें लेखकांच्या मार्गदर्शनासाठीं संदर्भाचा एक काल्पनिक नमुना दिला होता. त्यांतील २००० सालचा निबंध कधींच लिहिला गेला नव्हता, आणि तें नियतकालिकहि अस्तित्वांत नव्हतें. तरी सुमारें ४०० लेखांच्या यादींत तो निबंध जाऊन बसला, हें २०१७ सालीं उघडकीस आलें. नमुन्याच्या ओळी पुसावयाच्या राहून गेल्या, आणि त्या कोणीं वाचल्याच नाहींत. आतां तर संगणकाची कृत्रिम बुद्धि क्षणांत डौलदार संदर्भ रचून देते. त्यांतील कांहीं निव्वळ कल्पित असतात. यंत्र स्वल्पविराम बिनचूक देईल. परंतु मूळ लेख आहे कीं नाहीं, आणि त्यांत खरोखर काय म्हटलें आहे, ही शहानिशा लेखकानेंच करावयाची आहे.

यासाठीं तीन नियम पुरेसे आहेत. जो लेख स्वतः वाचला नाहीं त्याचा आधार देऊं नये. दुसऱ्याच्या पुस्तकांतून तो घेतला असेल तर तसें स्पष्ट लिहावें. यादींतील प्रत्येक नोंद मूळ लेखाशीं ताडून पाहावी. आणि मजकुरांतील प्रत्येक उल्लेख यादींत, व यादींतील प्रत्येक नोंद मजकुरांत आहे, याची शेवटीं खातरजमा करावी. दिलेल्या पत्त्यावर गेलेल्या वाचकाला दार उघडें मिळालें, आणि आंत सांगितलेलीच वस्तु सांपडली, म्हणजे लेखकाचें कर्तव्य पुरें झालें.