आधी स्पर्श, मग बरं होणं: मार्कमधला कुष्ठरोगी

आज एक छोटीशी गोष्ट घेऊया. मार्कचं शुभवर्तमान, पहिलाच अध्याय, वचन 40 ते 45. मोबाइलवर वाचायला दोन मिनिटं पुरतात. तुम्ही ख्रिस्ती असा वा नसा, किंवा ‘चमत्कार’ म्हटलं की आधी लॉग दाखवा म्हणणारे माझ्यासारखे असा, चमत्कार बाजूला ठेवला तरी या गोष्टीत बरंच काही उरतं.

गालील प्रांतात एक कुष्ठरोगी येशूपुढे येऊन गुडघे टेकतो. म्हणतो, तुमची इच्छा असली तर तुम्ही मला शुद्ध करू शकता. नीट ऐका हं, ‘बरं करा’ नाही, ‘शुद्ध करा’. आणि येशूला हे जमेल का, अशी शंका त्याला नाहीच. त्याची इच्छा आहे का, एवढंच त्याला कळत नाही.

असं का? तर लेवीय नावाच्या पुस्तकात, 13व्या अध्यायात, अशा माणसासाठी नियम आहेत. डाग किती खोल गेलाय, त्यावरचे केस पांढरे झालेत का, हे याजक तपासणार. शंका असेल तर सात दिवस वेगळं ठेवून पुन्हा तपासणी. एकदा अशुद्ध ठरलात की फाटके कपडे घालायचे, ‘अशुद्ध, अशुद्ध’ असं स्वतःच ओरडायचं आणि वस्तीबाहेर एकटं राहायचं. गंमत म्हणजे त्यांचा हा रोग आणि आजचा कुष्ठरोग एकच असतील असं नाही. त्याच नियमांत कपड्यांवरचे आणि घराच्या भिंतींवरचे डागही येतात! पण वस्तीबाहेर काढलेल्या माणसाला त्याने काय फरक पडणार?

आता क्रम बघा. येशू हात पुढे करतो, त्याला शिवतो, मग बोलतो, आणि त्यानंतर रोग जातो. म्हणजे शिवला तेव्हा तो माणूस अजून अशुद्धच होता. बरा झाल्यावर कुणीही हात मिळवला असता हो. आणि शब्दानेच काम होणार होतं, तर शिवायची गरजच काय होती? मला विचाराल तर अख्खी गोष्ट इथेच आहे. त्या माणसाचं दुखणं एक नव्हतं, दोन होती, आणि येशूने आधी दुसरं हातात घेतलं.

इथे मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे, स्प्लांख्निझोमाय, तो आतड्यांवरून आलाय. इंग्रजीत तो समजावताना लोकांची दमछाक होते. आपल्याकडे काय, आतडं तुटतं, पोटात कालवतं, कळवळा येतो. झालं, कळलं.

पण थांबा, इथे एक मर्ज कॉन्फ्लिक्ट आहे. बहुतेक हस्तलिखितांत ‘कळवळा आला’ असं आहे. मात्र कोडेक्स बेझे या जुन्या हस्तलिखितात ‘राग आला’ असं आहे. हे साधारण पाचव्या शतकातलं, आज केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात असतं. काही अभ्यासक म्हणतात, राग हाच मूळ शब्द असावा, कारण नकलणारा माणूस रागाचा कळवळा करेल, कळवळ्याचा राग कशाला करेल? मत्तय आणि लूक हीच गोष्ट सांगतात तेव्हा ही भावनाच गाळतात, हेही विचार करण्यासारखं आहे. मला दोन्ही शब्द पटतात. पोरगं पडून रक्त घेऊन घरी आलं की आई ओरडत ओरडतच जखम धुते ना?

पुढे येशू त्याला ताकीद देतो: कुणाला सांगू नकोस, याजकाला दाखव, अर्पण कर. का? कारण नुसतं बरं होऊन भागत नव्हतं. वस्तीत परत यायला शुद्ध झाल्याचा अधिकृत शिक्का लागायचा. त्याचे विधी लेवीयच्या 14व्या अध्यायात आहेत, दोन पक्षी लागतात, त्यातला एक जिवंत सोडून द्यायचा, वगैरे.

हे फार जुनं वाटत असेल तर आपल्याकडचं बघा. कुष्ठरोग पूर्ण बरा करणारी बहुविध औषधोपचार पद्धत 1980च्या दशकापासून आहे. पण घटस्फोटाच्या कायदेशीर कारणांमधून कुष्ठरोग काढायला आपल्या संसदेला 2019 साल उजाडावं लागलं. गोळ्या आधी पोचल्या, शिक्का मागाहून.

आणि शेवट तर भारीच. तो माणूस काही गप्प बसत नाही, सगळीकडे सांगत सुटतो. परिणाम काय, तर येशूला उघडपणे गावात जाता येईना, तो बाहेर ओसाड जागी राहू लागला. जो बाहेर होता तो आत आला आणि ज्याने त्याला शिवलं तो बाहेर गेला. मार्क यावर एक शब्दही बोलत नाही. लोक मात्र चहूकडून तिथे, त्या ओसाड जागी, येत राहिले, एवढं सांगून तो अध्याय संपवतो.