केमोच्या आधीपासून दबा धरून

स्तनाचा किंवा लसिकाग्रंथींचा कॅन्सर केमोथेरपीने आटोक्यात येतो आणि काही वर्षांनी मोजक्या रुग्णांना रक्ताचा कॅन्सर गाठतो. खापर केमोवर फुटतं: औषधांनी अस्थिमज्जेतल्या पेशींचा डीएनए बिघडवला, दुसरं काय!

2015 मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये वेगळंच चित्र मांडलं. अशा दुय्यम ल्युकेमियाच्या 22 रुग्णांचा जनुकसंच त्यांनी वाचला. केमोने डीएनएची चाळण केली असती, तर एरवीच्या ल्युकेमियापेक्षा बदल बरेच जास्त दिसायला हवे होते. तसं दिसलं नाही. मग काही रुग्णांचे, ल्युकेमिया होण्याच्या 3 ते 6 वर्षं आधीचे, जपून ठेवलेले नमुने काढले. ल्युकेमियाच्या पेशींत दिसलेला टीपी53 जनुकातला नेमका तोच बिघाड तिथे होता, प्रमाण 0.003 ते 0.7 टक्के. नेहमीच्या तपासणीत हे हाती लागणं अशक्यच. दोघांत तर तो केमोचा थेंबही शरीरात जाण्याआधीपासून होता!

डीएनए फार मोडला की पेशीला मरायला लावणं, हे टीपी53चं काम. तेच बिघडलं की केमोच्या माऱ्यात निरोगी पेशी मरतात आणि ही निगरगट्ट पेशी, तणनाशकाला न जुमानणाऱ्या गवतासारखी, मोकळ्या जागेत फोफावते. उतारवयात अशा पेशी धडधाकट माणसांतही सापडतात.

केमो अगदीच निर्दोष नाही म्हणा. इटोपोसाइडसारखी औषधं डीएनए खरोखरच तोडतात. एमएलएल जनुकाची तुटलेली टोकं भलतीकडेच जुळतात आणि ल्युकेमिया दोन-तीन वर्षांतच उद्भवतो.