अद्भुताचे सहवाचक

जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द हॉबिट’ आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या दोन अद्भुतकथा छापून दुकानात येण्याआधी कित्येक वर्षे मोजक्या माणसांसमोर मोठ्याने वाचल्या गेल्या. ऐकणाऱ्यांनी चुका काढल्या, पुढच्या प्रकरणासाठी तगादा लावला आणि कधी नावड तोंडावर सांगितली. पुस्तके छापून आल्यावर हेच काम अनोळखी वाचकांनी हाती घेतले. त्यातून उभ्या राहिलेल्या वाचकसंस्थांपैकी काही आजही चालू आहेत. आवडते पुस्तक दुसऱ्याबरोबर वाचले की त्या पुस्तकाचे आणि वाचकाचे काय होते, हे या इतिहासात पायरी-पायरीने पाहता येते.

घरातले श्रोते

टॉल्किन ऑक्सफर्ड विद्यापीठात अँग्लो-सॅक्सन भाषेचे प्राध्यापक होते. १९३० च्या सुमारास ते आपल्या मुलांना बिल्बो बॅगिन्स नावाच्या हॉबिटची गोष्ट सांगू लागले. हॉबिट म्हणजे माणसाच्या निम्म्या उंचीचा, केसाळ पायांचा, घरात रमणारा आणि पोटभर जेवणाची आवड असलेला जीव. टॉल्किन यांचा तिसरा मुलगा ख्रिस्तोफर तेव्हा जेमतेम चार-पाच वर्षांचा होता. एकदा त्याने गोष्ट मध्येच थांबवली. बिल्बोच्या घराचे दार मागच्या वेळी निळे होते, मग आज हिरवे कसे? थोरिन या बुटक्याच्या टोपीचा गोंडा सोनेरी होता, तो रुपेरी कधी झाला? वडील तडक टेबलाकडे गेले आणि त्यांनी टिपण करून ठेवले. छापील पुस्तकात दार हिरवे आहे आणि गोंडा रुपेरी.

मुलाची ही हरकत क्षुल्लक नव्हती. ८ मार्च १९३९ रोजी स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर दिलेल्या व्याख्यानात टॉल्किन यांनी तिच्यामागचे तत्त्वच मांडले. त्यांच्या मते कथाकार एक दुय्यम जग निर्माण करतो. त्या जगाचे नियम पाळले जातात तोवर ऐकणारा त्यात वावरतो आणि सांगितलेले खरे मानतो. नियम मोडला की विश्वास उडतो आणि ऐकणारा बाहेर फेकला जातो. वास्तववादी कादंबरीतील रस्ते, घरे, माणसे वाचकाने बाहेर पाहिलेली असतात. अद्भुतकथेतील जगाला तसा बाहेरचा आधार नसतो. ते उभे आहे की ढासळले, हे ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरच कळते.

‘द हॉबिट’च्या प्रकाशनाचा निर्णयही एका मुलाच्या मतावर झाला. प्रकाशक स्टॅनली अन्विन यांनी १९३६ मध्ये हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिले. अभिप्राय लिहिण्याचा मोबदला होता एक शिलिंग. पुस्तक चांगले असून पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना ते आवडेल, असे त्याने कळवले. २१ सप्टेंबर १९३७ रोजी पुस्तक बाजारात आले.

शेकोटीभोवतीची मंडळी

टॉल्किन यांनी १९२६ मध्ये ऑक्सफर्डमध्ये एक मंडळ सुरू केले होते. त्याचे आइसलँडिक नाव ‘कोल्बीतार’, म्हणजे कोळसा चावणारे. थंडीत शेकोटीला इतके खेटून बसायचे की जणू निखाराच तोंडात जावा, असा त्याचा भाव. सभासद पाळीपाळीने जुन्या आइसलँडिक गाथा मूळ भाषेतून वाचत आणि तिथल्या तिथे अनुवाद करून सांगत. इंग्रजीचे तरुण अध्यापक सी. एस. लुईस इथेच टॉल्किन यांच्या जवळ आले.

१९२९ च्या अखेरीस टॉल्किन यांनी लुईस यांना बेरेन आणि लूथियन यांच्या प्रेमकथेवरील आपली अपुरी दीर्घ कविता वाचायला दिली. लुईस यांनी ती रात्री उशिरापर्यंत जागून वाचली आणि लगेच पत्राने आनंद कळवला. मागाहून त्यांनी सविस्तर टीका पाठवली. तिची रीत फार सुंदर होती. ही कविता जणू शतकांपूर्वीची पोथी आहे असे मानून लुईस यांनी काही काल्पनिक पंडित उभे केले आणि पाठभेदांवरून त्यांचा वाद रंगवला. दोष असलेली ओळ ही नकलाकाराची चूक असावी, असे एखादा पंडित म्हणतो आणि तिच्या जागी बरा पाठ सुचवतो. टॉल्किन यांनी यातल्या बऱ्याच सूचना स्वीकारल्या. मित्राच्या कल्पित जगात स्वतः शिरून, त्याच जगाच्या भाषेत दोष दाखवणारा असा वाचक लेखकाला क्वचितच लाभतो.

पुढे या मैत्रीभोवती ‘इंकलिंग्ज’ हे मंडळ जमले. ‘इंकलिंग’ म्हणजे पुसटशी चाहूल. शिवाय त्या शब्दात शाईचा ‘इंक’ही आहे. हे नाव आधी विद्यार्थ्यांच्या एका अल्पजीवी मंडळाचे होते, ते यांनी उचलले. लुईस यांचे भाऊ वॉरन, ओवेन बारफील्ड, ह्यूगो डायसन, डॉक्टर रॉबर्ट हॅवर्ड, १९३९ पासून चार्ल्स विल्यम्स आणि नंतर तरुण ख्रिस्तोफर टॉल्किन अशी मंडळी येत. घटना, वर्गणी, इतिवृत्त असे काहीच नव्हते.

बैठक गुरुवारी रात्री मॉडलिन कॉलेजातल्या लुईस यांच्या खोलीत भरे. चहा व्हायचा, पाइप शिलगावले जायचे आणि आज कोणी काही वाचायला आणले आहे का, असे लुईस विचारायचे. मग कोणीतरी हस्तलिखित काढायचा. वाचन संपले की स्तुती आणि टीका दोन्ही मोकळेपणी व्हायच्या. मंगळवारी सकाळी हीच मंडळी ‘ईगल अँड चाइल्ड’ या पबमध्ये भेटत. आज पर्यटक त्या पबलाच इंकलिंग्जचे घर समजतात. प्रत्यक्षात तिथे मुख्यतः गप्पा होत. हस्तलिखितांचे वाचन गुरुवारच्या खोलीत होई.

तगादा आणि नावड

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखन डिसेंबर १९३७ मध्ये सुरू झाले आणि १९४९ मध्ये पुरे झाले. या बारा वर्षांत ते अनेकदा अडले. १९४४ च्या वसंतात लुईस यांच्या आग्रहामुळे टॉल्किन यांनी फ्रोडो आणि सॅम या हॉबिटांच्या, दुष्ट सॉरॉनच्या मॉर्डर या प्रदेशाकडच्या वाटचालीची प्रकरणे पुन्हा हाती घेतली. प्रकरण लिहून झाले की ते लुईस आणि विल्यम्स यांना वाचून दाखवायचे. दुसरी प्रत टपालाने दक्षिण आफ्रिकेत हवाईदलाचे प्रशिक्षण घेणाऱ्या ख्रिस्तोफरकडे जायची. दार निळे की हिरवे, असे विचारणारा तोच हा मुलगा. त्या मे महिन्यात एक भाग ऐकताना लुईस यांच्या डोळ्यांत पाणी आले, असे टॉल्किन यांनी मुलाला लिहिले. लुईस पाठीशी नसते तर पुस्तक पुरे झाले नसते, हे टॉल्किन यांनी पुढे उघडपणे मान्य केले.

सगळ्यांची आवड मात्र एक नव्हती. डायसन यांना हे कथानक मुळीच रुचत नसे आणि शेवटी शेवटी ते खोलीत असले की त्याचे वाचन होत नसे. १९४९ मध्ये लुईस यांनी नार्निया या कल्पित देशावरील आपल्या पहिल्या पुस्तकातला भाग ऐकवला, तेव्हा तो टॉल्किन यांनाही पटला नाही. वेगवेगळ्या पुराणांतील पात्रे एकाच कथेत आणणे त्यांच्या काटेकोर कल्पनेत बसत नव्हते. लुईस यांना धीर दिला तो रॉजर लॅन्सेलिन ग्रीन या दुसऱ्या श्रोत्याने. पुस्तक १९५० मध्ये आले आणि त्याने मुलांच्या पिढ्यांना वेड लावले. सहवाचनात एका श्रोत्याचे मत अखेरचे नसते. जिवलग मित्राला न आवडलेले पुस्तकही योग्य वाचकापर्यंत पोचू शकते.

अनोळखी वाचकांची मंडळे

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा पहिला खंड २९ जुलै १९५४ रोजी प्रसिद्ध झाला. दुसरा त्याच नोव्हेंबरमध्ये आला. परिशिष्टांच्या कामामुळे तिसऱ्यासाठी ऑक्टोबर १९५५ उजाडला, तोवर वाचक ताटकळले. नकाशे, वंशावळी, कालगणना आणि स्वतंत्र लिप्या यांनी भरलेल्या या ग्रंथाने वाचकांना चर्चेसाठी अमाप सामग्री दिली. लोक टॉल्किन यांना पत्रे लिहून शंका विचारत आणि ते दीर्घ उत्तरे धाडत. ग्रंथातला गूढ टॉम बॉम्बाडिल नक्की कोण, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी मुद्दाम दिले नाही. कल्पित जगातही काही कोडी उरलीच पाहिजेत, असे त्यांचे मत होते.

अमेरिकेत १९६५ मध्ये एस बुक्स या प्रकाशनाने लेखकाची परवानगी न घेता स्वस्त आवृत्ती काढली. टॉल्किन यांनी अमेरिकन वाचकांना लिहिलेल्या पत्रांतून ही बाब कळवली. बातमी तोंडोतोंडी पसरली, वाचक रागावले आणि प्रकाशनाला मानधन देणे भाग पडले. त्याच वर्षी रिचर्ड प्लॉट्झ या न्यूयॉर्कच्या शाळकरी मुलाने टॉल्किन सोसायटी ऑफ अमेरिका स्थापन केली. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात ग्लेन गुडनाइट यांनी मिथोपोइक सोसायटी काढली. टॉल्किन, लुईस आणि विल्यम्स हे तिच्या अभ्यासाचे विषय. इंग्लंडमध्ये १९६९ साली व्हेरा चॅपमन यांनी टॉल्किन सोसायटी सुरू केली. टॉल्किन तिचे सन्माननीय अध्यक्ष झाले. १९७३ मध्ये ते वारले, पण संस्थेने ते पद कायम त्यांच्याच नावे ठेवले आहे.

आजची रीत

या मंडळांतील चर्चा बहुधा पुस्तकातल्या बारकाव्यापासून सुरू होते. बाल्रॉग नावाच्या अग्निराक्षसाला पंख होते का, हा जुना वाद त्याचा नमुना. एका ठिकाणी लेखकाने त्याच्या सावलीला पंखांची उपमा दिली आहे. थोड्या ओळींनंतर पंख पसरल्याचे थेट वर्णन येते. ही उपमाच पुढे चालली आहे की पंख खरे आहेत? उत्तरासाठी दोन्ही पक्षांना तोच उतारा शब्दाशब्दाने वाचावा लागतो आणि एकट्याने वाचताना डोळ्यांखालून निसटलेले वाक्य हाती लागते.

भाषा बदलली की चर्चाही नवे वळण घेते. मुग्धा कर्णिक यांनी केलेल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या मराठी अनुवादाचे नाव ‘स्वामी मुद्रिकांचा’ आहे. मुद्रिका म्हटले की मराठी मनाला हनुमानाने अशोकवनात सीतेला दिलेली रामाची खूण आठवते. तिथे अंगठी विश्वास जागवते, टॉल्किन यांच्या कथेत ती लोभ जागवते. मूळ इंग्रजी वाचणाऱ्याला न सुचणारी ही तुलना मराठीतून एकत्र वाचणाऱ्यांना सहज सापडते.

या वाचनाचे ठरलेले दिवसही आहेत. कथेत सॉरॉनचा पाडाव २५ मार्चला होतो. २००३ पासून तो दिवस टॉल्किन वाचनदिन म्हणून पाळला जातो आणि ठिकठिकाणी उतारे मोठ्याने वाचले जातात. बिल्बो आणि फ्रोडो यांचा वाढदिवस २२ सप्टेंबरला येतो. त्या सुमारास १९७४ पासून ‘ऑक्सनमूट’ हे संमेलन भरते आणि जमलेले वाचक ऑक्सफर्डच्या वुल्व्हरकोट दफनभूमीत टॉल्किन दांपत्याच्या कबरीपाशी जातात. ३ जानेवारी हा टॉल्किन यांचा जन्मदिवस. त्या दिवशी आपापल्या घड्याळात रात्रीचे नऊ वाजले की वाचक पेला उंचावून ‘प्राध्यापकांसाठी’ एवढेच म्हणतात. पूर्वेकडच्या देशांपासून सुरू झालेला तो एक शब्द नऊच्या ठोक्याबरोबर पश्चिमेकडे सरकत जातो आणि एकमेकांना कधी न भेटलेले वाचक त्या एका रात्रीपुरते एकाच बैठकीत बसतात.