दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या मोटारीतील प्रज्वलनदोषांचे निदान

चालता चालता बंद पडलेली मोटार आणि वर्षानुवर्षे उभी राहून बंद पडलेली मोटार या दोहोंचे दुखणे एक नव्हे. पहिलीत सामान्यतः एखादाच भाग निकामी झालेला असतो. इतर सर्व भाग कालपर्यंत कार्यक्षम होते, याचा पुरावा मोटारीने स्वतःच दिलेला असतो. दुसरीबाबत असा कोणताच पुरावा हाती नसतो. तरीही गॅरेजमध्ये उभयतांचे निदान बहुधा एकाच रीतीने होते: संशयित भाग काढावयाचा आणि त्याजागी नवा बसवून पाहावयाचा. ही रीत दुसऱ्या प्रकारात का फसते आणि तिच्याऐवजी कोणती अवलंबावी, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

विवेचनाच्या सोयीसाठी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून तयार होऊ लागलेली फियाट ११०० डिलाइट आणि तिचाच पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने रूढ झालेला अवतार डोळ्यांसमोर ठेवला आहे. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ही गाडी मुंबईच्या टॅक्सींतून निवृत्त झाली. तथापि घरोघरच्या शेडींत झाकून ठेवलेल्या खाजगी गाड्या अद्याप आढळतात आणि वडिलांची गाडी पुन्हा रस्त्यावर आणण्याची हौस अनेकांस असते. तिच्यातील मांडणी चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास प्रचारात आणलेल्या पद्धतीचीच असल्याने येथील विचार त्या पिढीतील बहुतेक गाड्यांस लागू पडेल.

या पद्धतीत बॅटरीचा प्रवाह कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्यातून आणि डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंटांतून गाडीच्या सांगाड्यास मिळतो. पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठते. ते उघडताच क्षेत्र कोसळते आणि हजारो वेढ्यांच्या दुय्यम वेटोळ्यात कित्येक हजार व्होल्टचा दाब प्रवर्तित होतो. पॉइंटांस समांतर जोडलेला, सुमारे ०.२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर तेथल्या तेथे ठिणगी पडून ऊर्जा वाया जाऊ देत नाही. पुढे रोटर आणि कॅप हा दाब ज्या त्या सिलिंडरच्या प्लगकडे पोचवितात.

आता उभ्या गाडीत काय घडते ते पाहू. पॉइंटांची टोके टंगस्टनची असतात आणि दमट, विशेषतः खाऱ्या, हवेत त्यांवर ऑक्साइडचा पातळ थर चढतो. चालत्या गाडीतही तो चढू पाहतोच. परंतु चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटास ३,००० फेरे घेत असता पॉइंट सेकंदास १०० वेळा उघडतात आणि या सततच्या आघाताने व सूक्ष्म ठिणग्यांनी पृष्ठभाग आपोआप साफ होत राहतो. गाडी उभी राहिली की हे मार्जन थांबते. थर जाड असल्यास १२ व्होल्टच्या दाबास तो भेदता येत नाही आणि प्रवाह मुळीच वाहत नाही. हा प्रकार त्यातल्या त्यात बरा, कारण तो लगेच ध्यानात येतो.

खरा फसवा प्रकार अर्धवट थराचा होय. प्राथमिक वेटोळ्याचा रोध ३ ओहम मानल्यास प्रवाह ४ अँपिअर होतो. थरामुळे १ ओहम रोध वाढला तर तो ३ अँपिअरवर येतो. घट पाऊणपटीची दिसते. परंतु साठणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती सुमारे ५६ टक्केच उरते. त्यात स्टार्टर फिरू लागताच बॅटरीचा दाब ९ व्होल्टपर्यंत घसरला, तर प्रवाह सव्वादोन अँपिअर होऊन ऊर्जा मूळच्या एकतृतीयांशाहूनही थोडी कमी भरते. हाताने पॉइंट उघडून पाहिल्यास ठिणगी दिसते, स्टार्टर मारल्यावर मात्र इंजिन दाद देत नाही, या नेहमीच्या तक्रारीचा उगम पुष्कळदा येथे असतो.

याच संदर्भात आणखी एका समजुतीचा परामर्श घ्यावयास हवा. प्लग बाहेर काढून, सांगाड्यास टेकवून, ठिणगी दिसली की ‘करंट आहे’ असा निर्वाळा दिला जातो. पाशेनच्या नियमानुसार वायूतून ठिणगी पडण्यास लागणारा दाब हा वायूची घनता आणि फट यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. उघड्या हवेत ०.६ मिलिमीटर फटीस सुमारे ३,००० व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये दाबल्या गेलेल्या मिश्रणाची घनता कित्येक पट असल्याने तेथे त्याहून पुष्कळच अधिक दाब लागतो. वाढलेल्या दाबास कॅपच्या आतील ओलावा, तडा अथवा काजळीची रेघ अशी आडवाट सोपी पडते आणि ठिणगी प्लगपर्यंत जातच नाही. म्हणून परीक्षा प्लगच्या फटीवर न घेता पाचसहा मिलिमीटर फटीवर घ्यावी. हे करताना जवळपास पेट्रोलची वाफ नसावी आणि प्लगची छिद्रे बंद असावीत, ही सूचना औपचारिक नव्हे; जुनी टाकी व कार्ब्युरेटर बहुधा गळके असतात.

आता भाग बदलण्याच्या रीतीकडे वळता येईल. ‘दोष एकच आहे’ हे तिचे अव्यक्त गृहीतक आहे. समजा, पॉइंटांवर थर आहे आणि कंडेन्सरही आत दमट होऊन निकामी झाला आहे. केवळ कंडेन्सर बदलला तर इंजिन चालू होत नाही. तेव्हा तो निर्दोष ठरवून जुनाच परत बसविला जातो. नंतर पॉइंट साफ केले तरी गुण येत नाही. अशा रीतीने दोन्ही खरे अपराधी सुटतात आणि अखेर कॉइल टाकून दिली जाते. वास्तविक तेल भरून सीलबंद केलेली कॉइल ही या साखळीतील सर्वांत टिकाऊ वस्तू होय. मूळ सुटे भाग दुर्मिळ झाले असताना ही उधळपट्टी परवडणारी नाही.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक टप्पा त्याच्या स्वतःच्या मोजमापाने पारखणे. साधा व्होल्टमीटर पुरे. प्रथम कॉइलचे डिस्ट्रिब्यूटरकडील टोक तारेने क्षणभर सांगाड्यास जोडावे आणि प्रवाह वाहत असता कॉइलच्या पुरवठ्याकडील टोकावर बॅटरीइतका दाब टिकतो का, ते पाहावे. प्रवाह वाहत नसताना घेतलेले हे माप निरर्थक असते. गंजलेल्या स्विचमधूनही मीटर खुशाल १२ व्होल्ट दाखवितो. नंतर तार काढून, पॉइंट मिटलेले असताना, डिस्ट्रिब्यूटरकडील टोकाचा दाब मोजावा. तो ०.२ व्होल्टहून अधिक असल्यास थर, सैल जोड वा बेसप्लेटची गंजलेली जमीन यांपैकी काहीतरी आहे. पॉइंट उघडताच तेथे बॅटरीचा पूर्ण दाब दिसावयास हवा. शून्य दिसल्यास डिस्ट्रिब्यूटरची तार सोडवावी: दाब परत आला तर दोष आत, म्हणजे कंडेन्सरात, पॉइंटांच्या बारीक विद्युत्‌रोधी वायसरात किंवा आवरण झडलेल्या तारेत आहे, न आल्यास प्राथमिक वेटोळे तुटले आहे. एवढे निर्दोष ठरल्यावरच कॉइलच्या मधल्या जाड तारेवर आणि शेवटी प्लगच्या तारांवर ठिणगीची परीक्षा घ्यावी. पॉइंटांवर भडक ठिणगी आणि जाड तारेवर दुबळी, असे आढळल्यास कंडेन्सर आतून तुटलेला समजावा.

मोजमाप चालू असता चावी उगाच लावून ठेवू नये. पॉइंट मिटलेल्या स्थितीत कॉइलमध्ये जवळजवळ ४८ वॅट उष्णता निर्माण होते आणि निरोगी कॉइल तपासणीच्याच पायी जळते.

पॉइंट बारीक कानशीने साफ करून कोऱ्या कागदाने पुसावेत. पॉलिश पेपरचे कण धातूत रुतून बसतात. फट सुमारे ०.४५ मिलिमीटर ठेवावी व त्यानंतर टायमिंग पुन्हा पाहावे, कारण फट बदलली की पॉइंट उघडण्याचा क्षणही सरकतो. कॅमवर गंज असल्यास तो पुसून ग्रीसचा अल्पसा लेप द्यावा. असे करूनही गंजाने खडबडीत झालेला कॅम पॉइंटांची फायबरची टाच झपाट्याने झिजवितो आणि फट मिटत जाते. गाडी चालू झाल्यानंतर पहिल्या शेदोनशे किलोमीटरांतच ती पुन्हा मोजावी लागते.